पायाखालचा साग

घराची जमीन बदलायची म्हटलं, की हल्ली दुकानदार पुढ्यात ‘वुडन फ्लोअरिंग’चे नमुने टाकतो. त्यातले बरेचसे नमुने म्हणजे भुशाचा दाबून केलेला तक्ता आणि त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद. मला त्याचा राग नाही. स्वस्त आहे, चार घरांची हौस भागते. पण ज्या लाकडाची ती नक्कल आहे, त्या लाकडापायी एक राज्य बुडालं आणि त्या राज्याचा राजा आमच्या रत्नागिरीत येऊन मेला, हे श्रोत्यांना सांगावंसं वाटतं.

कोकणातल्या जुन्या घरांची रीत ठरलेली. खालची जमीन शेणाने सारवलेली, माडीची जमीन फळ्यांची. फळ्या ऐनाच्या, किंजळीच्या, फणसाच्या. ऐपत असेल तर सागाच्या. सागाच्या लाकडात मुळातच तेल असतं. पाणी त्याला सहजी चढत नाही, वाळवीही त्याच्या गाभ्याच्या वाटेला फारशी जात नाही. म्हणून तर 1736 पासून मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागाची जहाजं बांधली. तिथे 1817 साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे.

मलबारची जंगलं विरळ झाली तसे इंग्रज ब्रह्मदेशाकडे वळले. तिथली तोडणी ऐकण्यासारखी आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि वरचं कोवळं लाकूड कापून कडं करायचं आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्या उभ्या मरू, वाळू द्यायचं. मग तोडायचं, हत्तींकडून ओढ्यापर्यंत ओढवायचं आणि पावसाच्या पुराची वाट बघायची. ओंडका रंगूनला पोहोचेपर्यंत आणखी वर्षं जात. ‘सीझन्ड’ हा शब्द आपण आज सहज वापरतो, त्यामागे एवढा उभ्याने झालेला मृत्यू असतो.

या धंद्यात 1863 साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन पुढे होती. कंपनीने जेवढ्या ओंडक्यांचे पैसे भरले त्याहून कितीतरी जास्त ओंडके नेले, असा ठपका ठेवून राजा थिबाच्या दरबाराने 1885 साली तिला सुमारे 23 लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांशी राजाची वाढती सलगी इंग्रजांना सलत होतीच, आता निमित्त मिळालं. नोव्हेंबरमध्ये फौजा निघाल्या आणि महिन्याच्या आत मंडाले पडलं. 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. कंपनीचा धंदा मात्र पुढे चालू राहिला.

थिबाला आधी मद्रासला आणि मग त्याच वर्षी रत्नागिरीला आणलं. ज्याचा मंडालेचा राजवाडा बहुतेक सगळा सागवानी होता, त्याच्यासाठी इथे जांभ्या दगडाचा वाडा उठला, तोही 1910 साली. तिथे तो सहा वर्षं राहिला आणि 1916 मध्ये वारला. त्याची कबर इथेच आहे. मंडालेचा तो राजवाडा पुढे 1945 साली महायुद्धात जळाला. रंगूनमध्ये आमचा एक शायर बादशहा, बहादूरशाह जफर, 1862 पासून मातीखाली आहे. दोन राजांची अशी अदलाबदल इतिहासानं का केली असेल, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता आमच्या माडीविषयी. फळ्या रंगूनच्या सागाच्या आहेत, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पणजोबा खलाशी होते. गेल्या वर्षी पुतण्या म्हणाला, ‘चाचा, काढून टाइल्स घालू या, फळ्यांना गिऱ्हाईक आहे.’ खरंच आहे. म्यानमारने 2014 साली कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून जुन्या सागाचा भाव ऐकून डोळे फिरतात. लागवडीचा कोवळा साग मिळतो, पण त्याची वर्तुळं रुंद, वजन हलकं आणि कडेला पांढरट लाकूड, जे वाळवीला आवडतं. घ्यायचाच असेल तर फळीचं टोक बघावं. रेषा दाट हव्यात.

मी पुतण्याला म्हटलं, आधी मेस्त्रींना विचारू. मेस्त्रींनी गुडघे टेकून फळ्या ठोकून पाहिल्या. चार बदलल्या, बाकीच्या जागच्या जागी ठेवल्या. वर आलेले खिळे आत ठोकले, कारण एक डोकं राहिलं तर रंध्याचं पातं गेलंच. मग हलका रंधा, जाड पॉलिश पेपर, नंतर बारीक, नेहमी रेषेच्या दिशेने. फटींत त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून भरला. पुतण्याला आरशासारखी चपडी लाख हवी होती. मेस्त्री म्हणाले, लाख कपाटाला शोभते, जमिनीवर ओल्या पायाचा पांढरा डाग पडतो. त्यांनी जवसाचं बेलतेल पातळ हाताने तीनदा चढवलं, आणि तेलाचे बोळे उन्हात पसरून वाळवले, कारण गोळा करून ठेवले तर ते आपोआप पेटतात.

काळ्या फळ्यांखालून मधासारखा रंग वर आला. पुतण्या अनवाणी फिरून बघत होता. एका फळीवर खोदलेला आकडा दिसला. कुठल्यातरी वखारीतला असेल. मेस्त्री त्यावर रंधा फिरवणार होते, त्यानेच हात धरला.