तामूची वाट

८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेले, आणि ब्रह्मदेशातील लाखो हिंदी मजूर, कारकून, दुकानदार स्वदेशाकडे निघाले. मोठा लोंढा सरहद्दीवरच्या तामू गावी आला. तेथून मणिपुरातील पालेलपर्यंत डोंगरातील पायवाट. पुढे इंफाळवरून दिमापूरच्या आगगाडीपर्यंत मोटाररस्ता. मोटारी थोड्या, आणि त्यांत आधी जागा मिळे ती गोऱ्यांना. हिंदी निर्वासितांना अधिक खडतर मार्गाने वळवीत. लोकांनी या वाटांना नावेच दिली होती: गोरी वाट व काळी वाट. छावण्यांचे नि रस्ता रुंद करण्याचे पुष्कळसे काम चहामळ्यांच्या मजुरांनी केले.

आसामात तेव्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. डिसेंबर १९४१ पासून गव्हर्नरांचाच कारभार. तेव्हा जाब विचारावयाचा तो दिल्लीत.

पहाडगंजातील माझ्या बिऱ्हाडापासून ते कायदेमंडळ फार दूर नव्हे. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते तेथे होते वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे. टिळकांच्या या अनुयायाला साम्राज्यसरकारच्या वतीने उत्तरे द्यावयाची होती! पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष हृदयनाथ कुंझरू यांनी आसामात जाऊन हाल पाहिले, आणि या भेदभावाविरुद्ध आवाज उठविला.

१० मे रोजी इंफाळवर बाँब पडले. मागोमाग पाऊस आला. वाटेत मेलेल्यांची पुरी मोजदाद कोणी केलीच नाही. अणे यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला, पण तो गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर; तामूच्या वाटेवरून नव्हे.