बोटांची टोपडी

देवाने माणसाला वीस नखं दिली, पण त्यांतलं एकही हवाईयन गिटार वाजवायच्या लायकीचं दिलं नाही. हा शोध मला १९७४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, महाद्वार रोडच्या मागच्या एका माडीवर लागला. त्या काळी रेडिओवर दोन कार्यक्रमांमधली फट बुजवायला गिटारवरची सिनेगीतं लावीत. व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली ही मंडळी ऐकता ऐकता, आपणही असंच कुठल्या तरी दोन कार्यक्रमांच्या मध्ये वाजावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

वडिलांना ती मुळीच पटली नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आणून ठेवलं, जिथे १८८३ पासून देवल क्लब आहे, त्या गावात मांडीवर आडवं घेऊन लोखंडी कांडीने घासायचं वाद्य! "घासायचंच आहे तर आईला भांडी घासू लाग," असा त्यांचा निकाल पडला.

आमचे सर दिवसा उद्यमनगरात लेथवर टर्नर होते आणि संध्याकाळी गिटार शिकवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी तीन नख्या हातावर ठेवल्या. अंगठ्याची प्लॅस्टिकची, तर्जनी आणि मधल्या बोटाची पत्र्याची. मी त्या मोठ्या ऐटीत नखांवर चढवल्या. सर म्हणाले, "नरसिंव्ह हाईस व्हय रं? कुणाचं पोट फाडायचंय?" पातं बोटाच्या पोटाकडून यायला हवं, एवढं ज्ञान मला त्या प्रश्नातून झालं.

आता हे वाद्य आलं कुठून? हवाई बेटांवर १८८०च्या दशकात जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोराने तारांवरून लोखंड फिरवलं, आणि मग शाळेच्या कारखान्यात त्यासाठी खास पोलादी कांडी करून घेतली, असं सांगतात. म्हणजे तोही उद्यमनगरचाच म्हणायचा. १९१५च्या सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने अमेरिकेला या वाद्याचं वेड लावलं. १९४०च्या दशकात टाऊ मो नावाचा कलाकार सहकुटुंब कलकत्त्यात राहून गेला, आणि तिथून ते आपल्याकडे चांगलं रुजलं. ब्रिजभूषण काब्रांनी तर १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त संतूर आणि बासरीच्या पंगतीला नेऊन बसवलं. पण वडिलांना गप्प करणारा मुद्दा मला फार उशिरा सापडला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचं वर्णन केलंय, आणि तिच्या तारेवरून बांबूची कम्रिका फिरवीत. म्हणजे घासण्याची परंपरा खास आपल्या मुलखातली! हे सांगायला मी घरी गेलो, तेव्हा वडील नव्हते.

असो. नखी बसवणं हे मात्र जोडा बसवण्याहून अवघड. सैल झाली तर ऐन तानेत उडते. गणपतीतल्या एका कार्यक्रमात माझी तर्जनीची नखी पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या ओटीत पडली, आणि त्यांनी ती प्रसाद समजून डोक्याला लावली. घट्ट केली तर दोन गाण्यांत बोट जांभळं. प्लॅस्टिकची नखी गरम पाण्यात बुडवून अंगठ्यावर दाबली की त्याच आकाराची होते, हे सरांनी सांगितलं होतं. किती गरम, हे मी विचारलं नव्हतं. चहाच्या पातेल्यातून बाहेर आली ती कुरडई.

तिसऱ्यांदा तक्रार घेऊन गेलो तेव्हा सरांनी काही न बोलता आपल्या मधल्या बोटाची नखी काढली. वर्षभरात ती उतरवलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. आतलं बोट एका पेराने कमी होतं. लेथने नेलेलं. नखी म्हणजे पितळी नळीचा लांबुडका तुकडा होता, पुढे पात्यासारखा ठोकून वाकवलेला. हरवलेल्या पेराच्या जागी सगळी पोकळीच. "बोट नखीच्या मापाचं राहिलं न्हाई," सर म्हणाले, "मग नखी बोटाच्या मापाची केली. तुजं तर आख्खं हाय." आणि ती चढवून त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी गुजरीत गेलो. सोनारकाकांनी माप घेत विचारलं, "जोडवी कुणाची?" खरं कारण ऐकून त्यांनी चांदीला साफ नकार दिला. चांदी मऊ, तारेपुढे टिकायची नाही. जर्मन सिल्व्हर घ्या म्हणाले, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. चांदी फक्त नावात. मिरजेला सतारीची तारेची नखी असते. तिथल्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, तलवारींचं गिऱ्हाईक आटल्यावर तंतुवाद्यांकडे वळलेले. म्हणून मी म्हटलं, तिकडे जाऊ का? काका दुखावले. "बोट इथलं, मग नखी मिरजेची कशाला?" त्यांनी माझी बोटं तीनदा धरली, पत्रा तीनदा वाकवला, आणि पैसे घेतले एकदाच.

त्या नख्यांवर मी बारा वर्षं वाजवलं. रेडिओच्या फटीत काही पोहोचलो नाही. गिटार आता कपाटावर आहे. एक नखी हरवली, एक नातीने पळवली. तिसरी आमच्या घरी शिवणकामात अंगुस्तान म्हणून वापरतात, आणि सुई निसटते अशी तक्रार मला दर आठवड्याला ऐकावी लागते.