पेव्हर ब्लॉकचे अंगण (वर्धा जिल्हा) : खर्च

फाटकापासून पोर्चपर्यंत चारचाकी नेण्यासाठी काँक्रीटचे सुटे ब्लॉक चुरीच्या (दगडाच्या भुग्याच्या) थरावर मांडून, सांध्यांत बारीक रेती भरून केलेली जमीन. वर्ध्याकडे बोलताना यालाच ‘गट्टू लावणे’ म्हणतात. अशी फरसबंदी दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये रूढ झाली आणि तिथून जगभर पसरली.

दर : ६० मि.मी. जाडीच्या ब्लॉकचा दर बिछाईसह चौरस फुटाला ढोबळमानाने ५० ते ९० रुपये धरला जातो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी या शहरांत आणि आष्टी, कारंजा, समुद्रपूर तालुक्यांतील गावांत फरक पडतो तो मुख्यतः वाहतुकीमुळे. या दरात खोदाई, मुरूम, गिट्टी आणि कडेची बॉर्डर बहुधा धरलेली नसते. घरमालक चौकशी करतो ब्लॉकच्या भावाची. या जिल्ह्यात खर्च ठरतो तो ब्लॉकखालच्या जमिनीवर.

काळी माती व पाया : जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकाचा असून त्यावर कापसाची काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात आकसून भेगाळते; शेतातल्या भेगेत कधी कधी अख्खा हात जातो. नुसती माती सपाट करून वर चुरी पसरली आणि गट्टू मांडले, तर पहिल्याच पावसाळ्यात चाकांच्या दोन रेषा खचतात, मधला भाग उंच राहतो आणि पाणी पोर्चकडे वळते. ते उकरून पुन्हा बसवायचे म्हणजे मजुरी दुप्पट, शिवाय काढताना फुटलेले ब्लॉक वेगळे. म्हणून काळी माती काढून तिच्या जागी मुरूम भरणे हा या कामातला सर्वांत आवश्यक खर्च आहे, आणि काटकसरीत पहिला बळी त्याचाच जातो.

१० फूट रुंद व ३० फूट लांब, म्हणजे ३०० चौरस फुटांच्या अंगणाचा हिशेब असा. दाबून ६ इंच मुरूम, ४ इंच गिट्टी, सुमारे ३० मि.मी. चुरी आणि ६० मि.मी. ब्लॉक यांसाठी साडेतेरा इंचांच्या आसपास खोदावे लागते. निघणारी माती सव्वातीन ते साडेतीन ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट) भरते; ती टाकायला जागा नसेल तर ट्रॉलीचे भाडे वाढते. मुरूम दाबल्यावर दीड ब्रास लागतो, पण ट्रॉलीत तो सुटा येत असल्याने दोन ब्रासच्या जवळपास मागवावा लागतो. गिट्टी १ ब्रास. २०० × १०० मि.मी.चे ब्लॉक सुमारे १,४०० लागतात आणि त्यांचे वजन ४ टनांच्या घरात जाते. मुरूम थोडा ओला करून थराथराने दाबावा लागतो; हाताच्या धुमसाने काम होते, पण प्लेट व्हायब्रेटर भाड्याने आणणे अधिक खात्रीचे. पाणी वाहण्यासाठी ५० फुटांना १ फूट उतार पुरतो; ३० फुटांच्या अंगणात तो सात इंचांहून थोडा अधिक भरतो.

ब्लॉकची प्रत : भारतीय मानक आयएस १५६५८ हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये सुधारले गेले. २००६ च्या आवृत्तीत वाहन नसलेल्या जागेसाठी ५० मि.मी. (एम-३०), हलक्या वाहतुकीसाठी ६० मि.मी. (एम-३५) आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मि.मी. (एम-४०) अशी शिफारस आहे. घरची मोटार दुसऱ्या वर्गात येते. पाणीटँकर किंवा कापसाने भरलेली गाडी आत येणार असेल, तर ८० मि.मी. घेणे शहाणपणाचे. साच्यातून काढल्यावर आठवडाभरात विकला जाणारा ब्लॉक पुरता पक्का झालेला नसतो. मानकाची ताकद २८ दिवसांची असते. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज येतो का हे जुने मिस्त्री पाहतात. ही चाचणी ढोबळ असली तरी कच्चा ब्लॉक तिच्यात उघडा पडतो. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दिसायला देखणे, पण पावसात निसरडे होतात. वाहनाखाली हेरिंगबोन (नागमोडी) मांडणी सर्वांत घट्ट राहते. मात्र कडेला कटाई वाढते.

साहित्य व कर : ब्लॉकसाठीचे सिमेंट शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस पट्ट्यातून येते. त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. मुरूम, गिट्टी यांसारख्या गौण खनिजाचे स्वामित्वधन २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये आहे. कृत्रिम वाळूला राज्याच्या २०२५ च्या धोरणात ब्रासला २०० रुपये हा सवलतीचा दर मिळाला. समृद्धी महामार्गाच्या बांधकामाच्या काळात सेलू तालुक्यातील मुरूम उत्खननावर वाद झाले. त्याचा स्थानिक भावावर किती परिणाम झाला याविषयी एकमत नाही.

सेवाग्रामचे अंगण : ब्लॉकशिवायच्या अंगणाचा नमुना जिल्ह्यातच आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात आले; १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. जमीन जमनालाल बजाज यांच्याकडची होती आणि सुरुवातीच्या बांधकामाकडे गांधींच्या शिष्या मीराबहन यांचे लक्ष होते. साहित्य व मजूर आसपासचे आणि खर्चाला ठरलेली मर्यादा, या दोन अटींवर आश्रमातले पहिले घर ‘आदि निवास’ उभे राहिले. मर्यादेचा आकडा सर्वत्र सारखा दिलेला नाही; ५०० रुपये हा अधिक प्रचलित. भिंती मातीच्या, छप्पर कवेलूंचे. प्रार्थनाभूमी आजही फरसबंद नाही. तिथे बारीक खडे पसरलेले आहेत आणि पाणी जागच्या जागी जिरते. मोटार क्वचितच येणाऱ्या घराने हा नमुना जरूर पाहावा : दाबलेल्या मुरमावर बारीक गिट्टी एवढेच केले, तर ब्लॉक, त्याची वाहतूक आणि बिछाई हा सगळा खर्च वाचतो, मात्र पाया तोच लागतो.

सार्वजनिक कामे : ग्रामपंचायतीच्या गल्ल्यांतील पेव्हिंग ब्लॉकची अंदाजपत्रके शासकीय दरसूचीवर होतात, ते दर खाजगी अंगणाला लावू नयेत.

हंगाम : दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की मजूर मिळणे अवघड. संक्रांतीनंतर ते एप्रिलपर्यंतचा काळ सोयीचा.

देखभाल : दर पावसाळ्यानंतर सांध्यांत रेती भरणे.