देहधारण (ख्रिस्ती धर्म)

देहधारण ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना आहे. देवाचा सनातन पुत्र येशू ख्रिस्ताच्या रूपाने मनुष्य झाला, असा तिचा आशय आहे. २५ डिसेंबर रोजी साजरा होणारा नाताळ हा याच घटनेच्या स्मरणाचा सण होय. ख्रिस्ती श्रद्धेनुसार या जन्मातून देवाचे मानवावरील प्रेम आणि त्या प्रेमापोटी केलेला त्याग प्रकट होतो.

शास्त्राधार

येशूच्या जन्माची कथा नव्या करारातील मत्तय व लूक यांच्या शुभवर्तमानांत येते. लूकच्या वृत्तांतानुसार बेथलेहेमात उतरायला जागा नसल्यामुळे मरियेने बाळाला गव्हाणीत ठेवले आणि जन्माची वार्ता प्रथम मेंढपाळांना कळली. मत्तय हा यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ‘इम्मानुएल’ हे नाव येशूला लावतो. त्याचा अर्थ ‘आमच्याबरोबर देव’ असा आहे. योहानच्या शुभवर्तमानात जन्मकथा नाही. तेथे आरंभापासून देवाजवळ असलेला ‘शब्द’ देही झाला, असे सांगितले आहे. जगावरील प्रीतीमुळे देवाने आपला एकुलता एक पुत्र दिला, हे सुप्रसिद्ध वचनही याच ग्रंथातील आहे (३:१६).

रिक्तीकरण

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:५–११) ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि मरण, तेही क्रूसावरील मरण, पत्करले असे म्हटले आहे. यातील मूळ ग्रीक क्रियापदावरून ‘केनोसिस’ ही संज्ञा रूढ झाली. या विचारानुसार त्यागाचा आरंभ क्रूसापाशी होत नाही, तर जन्मापासूनच होतो. भूक, थकवा, परावलंबन आणि मृत्यू या मानवी मर्यादा स्वीकारणे हाच पहिला त्याग होय.

‘रिक्त करणे’ म्हणजे देवत्व सोडणे काय, हा प्रश्न दीर्घकाळ चर्चिला गेला आहे. पारंपरिक उत्तर नकारार्थी आहे. इ.स. ४५१ च्या खाल्कीदोन धर्मपरिषदेने ख्रिस्त ही एकच व्यक्ती असून तिच्यात दैवी व मानवी असे दोन स्वभाव परस्परांत न मिसळता आणि विभक्त न होता नांदतात, असे ठरविले. एकोणिसाव्या शतकात गॉटफ्रीड थोमासियुस या जर्मन धर्मपंडिताने मात्र पुत्राने काही दैवी गुण स्वेच्छेने बाजूला ठेवले, असे मत मांडले.

गव्हाणी आणि क्रूस

मागी लोकांनी बालयेशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण केल्याचे मत्तय सांगतो. प्रेताच्या संस्कारासाठी वापरला जाणारा गंधरस हे येशूच्या मृत्यूचे पूर्वसूचन मानण्यात आले. पूर्वेकडील मंडळ्यांच्या जन्मचित्रांत अनेकदा बाळाचे बाळोते कफनासारखे आणि गव्हाणी शवपेटीसारखी रंगविलेली असते.

देहधारणाचे प्रयोजन

देव मनुष्य का झाला, याची उत्तरे एकसारखी नाहीत. चौथ्या शतकातील अथानासियुस याच्या मते मृत्यूच्या अधीन झालेल्या मानवाला पुन्हा दैवी जीवनात सहभागी करून घेण्यासाठी देहधारण आवश्यक होते. कँटरबरीचा आन्सेल्म (मृत्यू ११०९) याने असा युक्तिवाद केला की, पापाची भरपाई करण्याचे दायित्व मानवाचे, परंतु सामर्थ्य केवळ देवाचे. म्हणून ती देव-मानवच करू शकतो. पीटर अॅबेलार्डने ख्रिस्ताचे प्रेम मानवी अंतःकरणात प्रतिप्रेम जागविते, यावर भर दिला. डन्स स्कोटसच्या मते मानवाने पाप केले नसते तरीही देहधारण घडले असते, कारण त्याचे मूळ पापात नसून प्रेमात आहे.

अवतारकल्पनेशी तुलना

भारतीय वाचकाला ही संकल्पना अवतारासारखी वाटणे स्वाभाविक आहे. ईश्वराचे मानवात येणे हा दोहोंतील समान धागा होय. तथापि वैष्णव परंपरेत अवतार युगायुगांत अनेक होतात, तर ख्रिस्ती मतानुसार देहधारण इतिहासात एकदाच झाले आणि पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताचे मनुष्यत्व कायम राहिले. यहुदी व इस्लाम धर्मांना देहधारण मान्य नाही. इस्लाममध्ये ईसा यांना आदरणीय प्रेषित मानले जाते.

मराठी साहित्यात

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्र आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे (१९१९) अपूर्ण राहिले; पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी ते पूर्णत्वास नेले.

आचरणातील अर्थ

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी जिवंत बैल व गाढव यांसह गव्हाणीचा देखावा उभारला. देवाने पत्करलेले दारिद्र्य लोकांना डोळ्यांनी दिसावे, हा त्यामागील हेतू होता. नाताळात गोठ्याचे देखावे उभारण्याच्या प्रथेला या घटनेमुळे चालना मिळाली. योहानचे पहिले पत्र देवाच्या या प्रेमावरून परस्परांवर प्रेम करण्याचे कर्तव्य सांगते. गरजू बांधवाला पाहूनही जो हात आखडता घेतो त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असा प्रश्नही विचारते. त्यामुळे नाताळातील दानधर्म आणि एकाकी व आजारी माणसांची विचारपूस हा केवळ रिवाज न राहता देहधारणावरील श्रद्धेचाच आचार ठरतो.