डोकी मोजणाऱ्यांनो

1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. शेजारची आमची दिघी तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाची. 1948 ला संस्थान विलीन झालं. 1952 ला बिनजमिनीच्या बाईच्याही हातात मत आलं. पाण्यापासून मतापर्यंत पंचवीस वर्षं!

पुढारी मात्र अजून डोकीच मोजतात. कोळी इतके, कुणबी इतके, मुसलमान इतके, बौद्ध इतके. मग 1980 ला हिंदू बहुसंख्य श्रीवर्धननं अंतुल्यांना निवडलं, ते कुठल्या गणितानं?

2014 ला रायगडात गीते तटकऱ्यांच्या पुढं निघाले फक्त 2,110 मतांनी. म्हणजे मुंबईत पोटासाठी खटणाऱ्यांनी गावी जायचं की खाडा वाचवायचा, यावरसुद्धा खासदार ठरतो.

मी गिरणीत खटतो. माझं नाव गावच्या यादीत. खाडा पडला तरी जाणार. डोकी मोजणाऱ्यांनो, डोक्यात काय आहे तेही एकदा विचारा.