इंदूरचा खड्डा

शेण चुलीत जाते आणि शेत उपाशी राहते, हे दुखणे आपल्याकडे जुनेच. गोवऱ्या थापणाऱ्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. सरपण तिने आणावे कोठून? १९२४ साली होळकरांच्या इंदुरात संशोधन-संस्थेची सूत्रे हाती घेणाऱ्या आल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी म्हणूनच थोड्या शेणात भागवण्याची वाट शोधली. कापसाच्या पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरायच्या. चाकांखाली त्या चुरल्या की उथळ खड्ड्यात पालापाचोळा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांच्यासह त्यांचे थर द्यायचे. ही माती खरी मोलाची! तिच्यातले नत्र एरवी जमिनीत झिरपून वा हवेत उडून फुकट जाई. ओल राखून तीनदा खालीवर केले की सुमारे ९० दिवसांत काळेभोर खत तयार. चिनी शेतकऱ्यांची रीत यामागे होती, हे साहेबांनी लपवले नाही.

१९३१ साली या पद्धतीवर पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी आहे. दुसरे बहुतेक त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरच राहिले.