गोखले यांचा १९१२ चा दक्षिण आफ्रिका दौरा आणि मध्य प्रांताचा त्याच्याशी आलेला संबंध

राष्ट्रसभेचे, म्हणजे इंडियन नॅशनल काँग्रेसचे, अध्यक्षपद विसाव्या शतकाच्या आरंभी एका अधिवेशनापुरते असे. अधिवेशन आटोपले की अध्यक्षाजवळ ना कचेरी उरे, ना वेतन, ना कोणता अधिकार. उरे ती त्या नावाची प्रतिष्ठा, आणि ती कशासाठी वेचायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असे. गोपाळ कृष्ण गोखले १९०५ च्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, आणि पुढच्या दशकात त्यांनी ही प्रतिष्ठा मुख्यतः व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात आणि समुद्रापारच्या प्रवासांत खर्च केली. इंग्लंडला त्यांनी पुनःपुन्हा फेऱ्या केल्या, परंतु तशा फेऱ्या त्या पिढीच्या पुढाऱ्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१२ मधला दक्षिण आफ्रिकेचा दौरा वेगळ्या जातीचा होता. परदेशात राबणाऱ्या आपल्या लोकांची स्थिती डोळ्यांनी पाहावी, त्यांच्याच तोंडून ऐकावी आणि मग तेथील सत्ताधाऱ्यांसमोर ती मांडावी, या हेतूने हिंदुस्थानातील इतक्या मान्यतेचा पुढारी यापूर्वी बाहेर पडला नव्हता.

याच सुमारास अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या मोहिमा जगभर गाजत होत्या. अध्यक्षपदावरून उतरल्यावर काही आठवड्यांतच ते १९०९ च्या एप्रिलमध्ये मोंबासाला पोहोचले, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी पूर्व आफ्रिकेतून अकरा हजारांहून अधिक नमुने त्यांच्या पथकाने गोळा केले, आणि १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या अरण्यातील एका अज्ञात नदीचा मार्ग शोधताना ते मरणाच्या दारातून परतले. रूझवेल्ट ज्या युगांडा रेल्वेने मोंबासाहून आत गेले, ती हिंदुस्थानातून करारावर नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांनी बांधली होती आणि त्यांतले सुमारे अडीच हजार त्या कामावर मेले होते. शिकार आणि शास्त्र यांच्या ओढीने निघालेल्या त्या प्रवासात हा मजूर रस्त्याचा भाग होता. गोखल्यांच्या प्रवासाचा तो विषयच होता.

करारावर मजूर नेण्याच्या या पद्धतीला लोक गिरमिट म्हणत, आणि त्या करारावर अंगठा उठवणाऱ्याला गिरमिटिया. नाताळच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वसाहतीच्या, उसाच्या मळ्यांसाठी मद्रासहून निघालेले पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला लागले, आणि १९११ पर्यंत सुमारे दीड लाख माणसे याच वाटेने तेथे गेली. करार पाच वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दरवर्षी एका शिलिंगाची वाढ. मुदत संपल्यावर हे लोक मोकळे होऊन शेती किंवा व्यापार करू लागले, तेव्हा गोऱ्या वसाहतवाल्यांना ते खुपू लागले, आणि १८९५ च्या कायद्याने असे ठरले की मुदत संपलेल्याने एक तर पुन्हा करारात जावे, नाही तर मायदेशी परतावे, नाही तर दरसाल तीन पौंड कर भरावा. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्थात पहिल्या वर्षाच्या दराने सहा महिन्यांची पुरती कमाई. हा कर पुढे सोळा वर्षांवरील मुलाला आणि तेरा वर्षांवरील मुलीलाही लागू झाला, त्यामुळे नवरा, बायको आणि दोन वाढती मुले अशा घराच्या डोक्यावर वर्षाला बारा पौंड बसत. हा कर महसुलासाठी नव्हताच. माणसाला मोकळे राहणे परवडू नये, एवढ्यासाठीच तो होता, हे गोखल्यांनी अचूक ओळखले होते.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. मार्च १९१२ मध्ये सगळ्याच वसाहतींसाठी गिरमिट बंद करावे असा त्यांचा ठराव मात्र सरकारी बहुमताने फेटाळला गेला. या पार्श्वभूमीवर, लंडनहून भारतमंत्र्यांच्या संमतीने, २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केपटाउनला उतरले. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना पाहुण्याचा मान दिला आणि रेल्वेचा खास डबा दिला. रंगभेदाच्या त्या देशात एका हिंदी माणसासाठी ही गोष्ट अपूर्व होती. मधुमेहाने पोखरलेल्या शरीराने त्यांनी केपटाउन, किंबर्ली, जोहान्सबर्ग, नाताळच्या कोळसाखाणींचा मुलूख, दरबान आणि प्रिटोरिया असा सारा पल्ला जेमतेम चार आठवड्यांत उरकला.

जोहान्सबर्गमधील एक प्रसंग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. तेथील हिंदी लोकांत कोकणी मुसलमान आणि अन्य मराठी बोलणारी काही मंडळी होती, आणि त्यांची इच्छा अशी की गोखल्यांनी मराठीत बोलावे. तेथील हिंदी लोकांच्या सत्याग्रहाचे पुढारी मोहनदास गांधी यांनी ती इच्छा पुढे ठेवली व आपण हिंदुस्थानीत भाषांतर करू असे सुचवले. गांधींचे मराठीचे ज्ञान बेताचे असल्याने गोखल्यांना प्रथम हसू आले, परंतु त्यांनी ते मान्य केले, आणि त्यानंतर थेट झांजिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलत राहिले. अर्थशास्त्राचे आकडे आणि अंदाजपत्रके यांवर इंग्रजीत सरकारला निरुत्तर करणारा हा वक्ता मजूर व छोट्या व्यापाऱ्यांपुढे आपल्या भाषेत उभा राहिला, ही या दौऱ्याची खरी मिळकत होय. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर, म्हणजे सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी उभारलेल्या वसतिस्थानी, जाताना ते पावसात चालत गेले आणि त्यांना सर्दीने ग्रासले. तरी इतरांपेक्षा वेगळी सोय नको म्हणून त्यांनी रात्र जमिनीवरच काढली.

दरबानच्या मुक्कामात ते ओहलांगे येथे जॉन दुबे यांची शाळा पाहण्यास गेले. दुबे हे त्याच वर्षी जानेवारीत स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नावाने प्रसिद्धी पावलेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष होत. एका राष्ट्रसभेचा माजी अध्यक्ष आणि दुसरीचा पहिला अध्यक्ष यांची ही भेट इतिहासकाराला मोहात पाडणारी आहे, परंतु तिच्यावर अधिक भार टाकणे योग्य नाही. गोखल्यांच्या मागण्या हिंदी लोकांपुरत्या होत्या आणि आफ्रिकी प्रजेच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्या कार्यक्रमात आला नव्हता.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात पंतप्रधान बोथा, स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची भेट झाली. आदल्या रात्री गांधींनी तयार केलेल्या टिपणावरून त्यांनी अठरा वर्षांचा इतिहास घोकला होता, आणि गांधींची उपस्थिती मंत्र्यांना अडचणीची ठरेल म्हणून ते एकटेच आत गेले. बाहेर आल्यावर त्यांनी गांधींना सांगितले की आशियाई नोंदणीचा काळा कायदा रद्द होईल, वसाहतप्रवेशाच्या कायद्यातील वर्णभेद जाईल आणि तीन पौंडांचा करही उठेल. गांधींना शंका वाटली. लेखी काहीच नव्हते, आणि या एका गोष्टीवरून गोखल्यांना भाबडे ठरवण्याची प्रथा पुढे पडली. ती अन्यायाची आहे. पुढे १९१३ मध्ये स्मट्स यांनी असे वचन दिल्याचे नाकारले, तेव्हाच तीन पौंडांच्या कराचा विषय सत्याग्रहात घेता आला. तोवर सत्याग्रहाची मागणी ट्रान्सवालच्या नोंदणीपुरती आणि प्रवेशबंदीपुरती मर्यादित होती, आणि चालू लढ्यात मागण्या वाढवायच्या नाहीत असा गांधींचा दंडक होता. पाहुण्या पुढाऱ्याला दिलेले वचन मोडल्यामुळे तो दंडक न मोडता गिरमिटियांचा प्रश्न लढ्यात आला, आणि गिरमिटियाही लढ्यात आला. प्रिटोरियाच्या त्या भेटीने पदरात काही पडले नाही असे म्हणणाऱ्याने हा दुवा तपासून पाहावा.

परतीच्या जहाजावर गांधी आणि त्यांचे मित्र कॅलनबाख झांजिबारच्या बाजूपर्यंत सोबत होते. डिसेंबरच्या मध्यास गोखले मुंबईला पोहोचले आणि महिनाअखेर बांकीपूरच्या राष्ट्रसभेत त्यांनी दक्षिण आफ्रिकेविषयीचा ठराव मांडला. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर. मध्य प्रांत आणि वऱ्हाड १९०३ पासून एकाच चीफ कमिशनरच्या, म्हणजे गव्हर्नराखालच्या दर्जाच्या प्रांताधिकाऱ्याच्या, हाताखाली होते, आणि या एकत्रित प्रांताला तोवर स्वतःचे कायदेमंडळही नव्हते. अशा प्रांताला देशभरच्या चर्चेत सामील होण्याचे एक साधन गोखल्यांनीच दिले होते: नागपुरात १९११ मध्ये सुरू झालेले ‘हितवाद’ हे इंग्रजी पत्र. ते त्यांच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापलेल्या आजन्म देशसेवकांच्या संस्थेचे, मुखपत्र होते.

१९१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाताळच्या खाणींतील आणि मळ्यांतील हजारो मजुरांनी काम थांबवले आणि दोन हजारांहून अधिक स्त्रीपुरुष गांधींबरोबर ट्रान्सवालच्या सरहद्दीकडे पायी निघाले. आजारी गोखल्यांनी अंथरुणातून आणि प्रवासातून पैसा जमवला. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी मद्रासला भाषण करून सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखवली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने न्यायमूर्ती सॉलोमन यांचे चौकशी मंडळ नेमले, आणि हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून त्या मंडळापुढे कोणाला पाठवावे याचा विचार झाला तेव्हा निवड पडली ती मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्यावर.

नागपूर जिल्ह्याच्या इतिहासात ही नोंद सहसा आढळत नाही, आणि ती असायला हवी. या जिल्ह्यातल्या भिवापूरचेच उदाहरण घ्या. ते आज तालुक्याचे ठिकाण आहे, त्या काळी ते उमरेड तहसिलीत मोडत असे. नागपूरहून उमरेडवरून नागभीडकडे जाणारी अरुंद रुळांची रेल्वे त्या गावावरून जाऊ लागून थोडीच वर्षे झाली होती. या भागात मालगुजारीची पद्धत होती, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असे, आणि त्या साऱ्या उतरंडीच्या माथ्यावर रॉबर्टसन बसलेले होते. भिवापूरच्या कास्तकाराच्या लेखी सरकार म्हणजे जो अधिकारी, तोच १९१४ च्या जानेवारीत दरबानला गिरमिटियांचे गाऱ्हाणे ऐकण्यास हजर झाला. गांधी आणि त्यांचे सहकारी मंडळावर हिंदी लोकांच्या पसंतीचा एकही सभासद नाही म्हणून बहिष्कारावर ठाम राहिले. गोखल्यांना तो बहिष्कार पटला नव्हता, तरी त्यांनी पाठ फिरवली नाही. रॉबर्टसन यांच्याविषयी सत्याग्रहींचे मत एकसारखे नव्हते, कारण तडजोडीकडे त्यांचा कल अधिक होता. तरी मंडळाच्या मार्च १९१४ च्या अहवालात कर रद्द करण्याची शिफारस झाली आणि त्याच वर्षीच्या हिंदी दिलासा कायद्याने तो कर संपला.

गोखल्यांना या यशानंतर फार दिवस मिळाले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानातून गिरमिटावर माणसे पाठवणे १९१७ मध्ये थांबले. १९१४ च्या कायद्यात मात्र राहण्याचा हक्क सोडणाऱ्याला फुकट जहाजभाडे देण्याचे एक कलम होते, आणि त्याच्या आधारे हिंदी लोकांना परत पाठवण्याची हाकाटी महायुद्धानंतर पुन्हा उठली. त्यासंबंधीच्या आशियाई चौकशी मंडळापुढे हिंदुस्थान सरकारची बाजू मांडण्यासाठी १९२० मध्ये रॉबर्टसन दुसऱ्यांदा दक्षिण आफ्रिकेला गेले.